दुकान सांभाळून वर्दी? फॉर्म भरण्याआधी आधी दुकानाची परीक्षा घ्या



या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं सगळं इथे लिहितोय. विषय आपल्या नेहमीच्या मार्जिन-मार्केटिंगपेक्षा थोडा वेगळा आहे, पण दर बॅचमध्ये एकदा तरी निघतोच. मागच्या बॅचला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकलेला एक मुलगा क्लास संपल्यावर थांबला आणि म्हणाला, "सर, दुकान आत्ता कुठं चालायला लागलंय. पण भरतीचं डोक्यातून जात नाही. दोन्ही करता येईल असं काही आहे का?"

हा प्रश्न नगरमध्ये निघणारच. अहिल्यानगर नाव झालं तरी तोंडात अजून नगरच येतं, आणि नगर म्हणजे लष्कर. आर्मर्ड कोअरचं सेंटर इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं सेंटर इथे, रणगाड्यांचं संग्रहालय इथे. के. के. रेंजवर सराव सुरू झाला की दुकानातल्या काचा हलतात आणि गिऱ्हाईक मान वर करूनही बघत नाही. पहाटे पाचला कुठल्याही रस्त्याला जा, भरतीची पोरं पळताना दिसतील. त्यातली बरीच वय निघून गेल्यावर धंद्यात येतात. धंद्यात येतात, पण मनातली वर्दी उतरत नाही.

तर उत्तर असं, की दोन्ही करता येतं. पण कोणती वर्दी घ्यायची हे तुमच्या छातीच्या मापावर नंतर ठरतं. आधी ठरतं ते तुमचं दुकान तुमच्याशिवाय किती दिवस चालतं यावर. आज एवढंच सांगायचंय, फक्त आकड्यांनिशी.

आधी पर्याय नीट समजून घ्या

पोरं सगळं एकाच पिशवीत भरतात. ते वेगळं करूया.

पहिला, होमगार्ड. हे सैन्य नाही, राज्याच्या गृहखात्याखालचं स्वयंसेवी दल आहे. ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबईत मोरारजी देसाईंच्या पुढाकाराने सुरू झालं. काम पोलिसांना मदत करण्याचं: बंदोबस्त, निवडणूक, यात्रा, आपत्ती. वय २० ते ५०, शिक्षण दहावी. पुरुषांना १६०० मीटर आणि महिलांना ८०० मीटर धावावं लागतं. नेमणूक तीन वर्षांची असते, भरती जिल्ह्याच्या पातळीवर होते आणि काम बहुतेक आपल्याच जिल्ह्यात मिळतं.

दुसरा, प्रादेशिक सेना, म्हणजे टेरिटोरियल आर्मी. सगळे टीए म्हणतात. हे खरं सैन्य. कायदा १९४८ चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते तिची औपचारिक सुरुवात झाली. ६२, ६५, ७१ या तिन्ही युद्धांत टीएची युनिट्स होती. मूळ कल्पनाच अशी, की माणसाने आपला कामधंदा चालू ठेवायचा, ठरावीक दिवस प्रशिक्षण घ्यायचं आणि देशाने बोलावलं की जायचं. आपल्या भागाच्या आसपास पुणे, कोल्हापूर, देवळाली, भुसावळ, बेळगाव इथे टीएच्या बटालियन आहेत. रेल्वे आणि तेल कंपन्यांची वेगळी युनिट्स आहेत, ती त्यांच्याच कर्मचाऱ्यांसाठी. झाडं लावणाऱ्या पर्यावरण बटालियनमध्ये प्रामुख्याने माजी सैनिक घेतात. म्हणजे आपल्यासारख्या दुकानदाराला उरतात दोन दारं: टीएचा अधिकारी किंवा टीएचा जवान.

तिसरा, अग्निवीर. हा पार्ट टाईम नाहीच. चार वर्षं पूर्ण वेळ नोकरी. शेवटी सेवा निधी मिळतो, साधारण ११ लाख ७१ हजार, आणि जास्तीत जास्त २५ टक्के जण पुढे कायम होतात. "चार वर्षांनी भांडवल घेऊन धंदा टाकतो" हा विचार चुकीचा नाही, पण त्यात आत्ताचं दुकान बंद होतं. म्हणून तो आजच्या चर्चेत नाही.

तुमच्यापैकी कोणी शाळा-कॉलेजात शिकवत असेल तर एनसीसीचा सहयोगी अधिकारी हा चांगला रस्ता आहे. पण तो शिक्षकांसाठी आहे, दुकानदारांसाठी नाही.

कायदा नोकरदाराला सांभाळतो, दुकानाला नाही

ही गोष्ट कुठलाच भरतीवाला व्हिडिओ सांगत नाही, म्हणून लक्ष देऊन वाचा.

टीएच्या कायद्यात कलम ७-अ आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला टीएने सेवेला बोलावलं, तर परत आल्यावर त्याला कामावर घेणं हे मालकाचं कर्तव्य आहे. चांगलं कलम आहे. बँकेतला कारकून, एमआयडीसीतला सुपरवायझर, यांना त्याचा आधार आहे.

पण आपण? आपणच मालक, आपणच नोकर. आपल्याला परत कामावर कोण घेणार? गिऱ्हाईक? ते तर शटर बंद दिसलं की चौथ्या दिवशी शेजारच्या दुकानात जातं, आणि तिथे चहा मिळाला की महिन्याने आपल्याला ओळखतही नाही.

बाकीचं घड्याळ तर थांबतच नाही. जीएसटी नंबर असेल तर विक्री शून्य असली तरी रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर शून्याच्या रिटर्नलाही दिवसाला २० रुपये, नाहीतर ५०. सलग सहा महिने भरलं नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. मुद्रा लोनचा हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए. गाळ्याचं भाडं, लाईटबिल, पोराचा पगार, सगळं चालू.

शिवकाळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे घोडेस्वार होते. बारगिराला घोडं सरकारी. शिलेदार स्वतःचं घोडं, स्वतःचं हत्यार घेऊन यायचा. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, मोहीम करायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला घरी परतायचं. नोकरी करून टीएत जाणारा म्हणजे बारगीर समजा. दुकान सांभाळून जाणारा शिलेदार. आपलं घोडं आपणच पाळायचं, आणि आपण नसताना त्याला चंदी कोण घालणार ते निघायच्या आधी ठरवायचं.

होमगार्ड: हिशोब सणाच्या दिवसाचा करा

राज्य सरकारने २०२४ मध्ये होमगार्डचा भत्ता दिवसाला ५७० रुपयांवरून १,०८३ रुपये केला. त्यामुळे आता बरेच जण विचारतात. वाढ चांगलीच आहे आणि ती मिळायलाच हवी होती. पण हा पगार नाही. ज्या दिवशी ड्यूटी, त्या दिवशीचा भत्ता.

आता एक किराणा दुकान घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत, तुम्ही तुमचे टाका. साध्या दिवशी विक्री ८,००० आणि मार्जिन १५ टक्के धरलं, तर हातात १,२०० येतात. त्या दिवशी ड्यूटीला गेलात आणि दुकान बंद राहिलं तर नुकसान शंभर-सव्वाशेचं. काहीच नाही. पण सणाच्या दिवशी विक्री २०,००० होते, हातात ३,००० येतात. त्या दिवशी ड्यूटी म्हणजे एकोणीसशे रुपये गेले, वर गिऱ्हाईक गेलं ते वेगळंच.

आणि ड्यूटी लागते कधी? गणपती, नवरात्र, निवडणुका, यात्रा. पाथर्डीला मोहटादेवीची नवरात्र, मढीला कानिफनाथांची यात्रा, शिर्डीला रामनवमी, शिंगणापूरला शनि अमावस्या. म्हणजे ज्या दिवशी गल्ला भरतो त्याच दिवशी तुम्ही चौकात शिट्टी वाजवत उभे. मिठाई, कपडे, पूजा साहित्य, किराणा अशी सणाची दुकानं असतील आणि घरात दुसरं माणूस नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: होमगार्ड तुमच्यासाठी नाही.

पण कृषी सेवा केंद्र बघा. त्याचा सीझन मृगाच्या आसपास. गणपती-नवरात्रात त्याला श्वास घ्यायला वेळ असतो. वेल्डिंगचं वर्कशॉप, शिकवणी, झेरॉक्स-ऑनलाईन फॉर्मचं सेंटर यांचंही तसंच. अशा धंद्याला होमगार्ड छान बसतं. जिल्हा सोडावा लागत नाही, रात्री घरी येता येतं, आणि शिस्त अंगात येते. ताईंनाही हा रस्ता खुला आहे, आणि घर-दुकान दोन्ही बघणाऱ्या बाईला टीएपेक्षा हाच जास्त जमण्यासारखा आहे, असं मला वाटतं.

टीए अधिकारी: पैसा प्रश्न नाही, दिवस प्रश्न आहे

वय १८ ते ४२, पदवी हवी, आणि तुम्ही कमावते असायला हवेत. ही अट धंदेवाल्याच्या बाजूची आहे. स्वतःचा व्यवसाय असेल तर त्याचं स्वरूप आणि वार्षिक उत्पन्न याचं प्रतिज्ञापत्र आणि पॅन लागतं. म्हणजे रोखीत धंदा करून कागदावर काहीच न दाखवणाऱ्याला इथेही अडचण. रिटर्न भरत जा म्हणून मी उगाच ओरडत नाही.

आधी लेखी परीक्षा: रिझनिंग, गणित, सामान्य ज्ञान, इंग्रजी. मग मुलाखत, मग एसएसबी, मग मेडिकल. आणि २०२५ च्या जाहिरातीत सगळ्या देशासाठी जागा होत्या १९. त्यातली महिलांसाठी एक. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. प्रयत्न जरूर करा, पण "माझं टीएत होणारच" असं धरून दुकानाचं भाडेकरार संपवू नका.

निवड झाली तर? पहिल्या वर्षी एक महिन्याचं मूलभूत प्रशिक्षण. दरवर्षी दोन महिन्यांचा कॅम्प, पहिल्या वर्षीही. शिवाय पहिल्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं आणखी प्रशिक्षण. बेरीज करा: पहिल्या चोवीस महिन्यांतले आठ महिने तुम्ही दुकानात नाही. त्या काळात पगार लेफ्टनंटचा मिळतो, मूळ वेतन ५६,१०० आणि वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, शिवाय महागाई भत्ता. बहुतेक छोट्या दुकानदारांच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्तच. म्हणून म्हटलं, पैसा प्रश्न नाही. पण जेवढे दिवस प्रशिक्षण किंवा सेवा, तेवढ्याच दिवसांचा पगार. जाहिरातीतच लिहिलेलं असतं, की टीए हे पूर्ण वेळचं करिअर नाही आणि पेन्शनची हमी नाही.

टीए जवान: इथे "पार्ट टाईम" शब्दाने फसू नका

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. शिपाई म्हणून भरती झालात की तुमचं वर्ष तुमच्या हातात राहत नाही. युनिटला प्रत्यक्ष सेवेत बोलावलं, ज्याला एम्बॉडी करणं म्हणतात, की जायचंच. कुठेही आणि सांगतील तितके दिवस.

ताजं उदाहरण. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना टीएचा प्रत्येक अधिकारी आणि जवान बोलावण्याचे अधिकार दिले. ३२ इन्फंट्री बटालियनपैकी १४ सेवेत घेण्याचा तो आदेश होता, आणि त्याची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८, तीन वर्षं. आता सांगा, सिंगल माणसाचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान तीन वर्षं कोण चालवणार?

आणि उलट बाजूही आहे. युनिट सेवेतून मोकळं केलं की घरी. मग पगार नाही. त्या दिवशी दुकान उभं नसेल तर दोन्हीकडून गेलात.

धोनीला २०११ मध्ये टीएत मानद लेफ्टनंट कर्नल केलं, २०१९ मध्ये तो दोन आठवडे काश्मीरला युनिटबरोबर राहून आला. ते बघून पोरांना वाटतं असंच असतं. नाही रे बाबांनो. ते मानद पद आहे, त्याचा मान मोठा आहे. आपल्याला मिळेल ती साधी भरती, आणि तिचे नियम साधे सरळ आहेत.

म्हणून माझं मत: लग्नाच्या आधी, घरात भाऊ किंवा वडील धंद्यात असतील, दुकान कुटुंबाचं असेल, तर टीए जवान जरूर व्हा. तुम्ही एकटेच दुकान असाल तर नको.

माझं स्वतःचं सांगतो

२०१९ मध्ये मीही टीए अधिकाऱ्याच्या परीक्षेची सगळी माहिती प्रिंट काढून फाईलला लावली होती. बीबीए झालेलं, इलेक्ट्रिकलचं दुकान बरं चाललेलं, वय बसत होतं. वाटलं, दोन महिन्यांचा तर कॅम्प, पोरगा बघेल दुकान.

तेवढ्यात वडिलांचं ऑपरेशन निघालं आणि मी अठरा दिवस पुण्याला दवाखान्यात. दुकान कामावरच्या पोराच्या हातात. पोरगा प्रामाणिक, एक रुपया इकडचा तिकडे केला नाही. तरी परत आलो तेव्हा उधारी वहीत नव्हती, त्याच्या डोक्यात होती. सप्लायरचं पेमेंट राहिल्याने रोखीची सूट गेली. रिटर्न लेट. आणि एक ठेकेदार, जो दर महिन्याला वायर-फिटिंगचा मोठा माल न्यायचा, त्याचा फोन मी दोनदा उचलला नाही, तर तो कायमचा गेला. चूक पोराची नव्हती. भाव कुठपर्यंत तोडायचा हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. सगळं माझ्या डोक्यात.

त्या रात्री फाईल उघडली आणि कळलं, की माझ्याकडे दुकान नाहीये, मीच दुकान आहे. अठरा दिवसांत ही गत, तर आठ महिन्यांत काय झालं असतं. फॉर्म भरला नाही.

मग करायचं काय?

फॉर्म भरण्याआधी या गोष्टी करा. वर्दी मिळो न मिळो, धंद्याला फायदाच आहे.

१. भावाची वही. प्रत्येक वस्तूची खरेदी, विक्री आणि कमीत कमी कितीला सोडायची हे लिहून ठेवा. डोक्यातून कागदावर आणा.

२. उधारीची मर्यादा. कोणाला किती आणि किती दिवस. तुम्ही नसताना नवीन उधारी बंद.

३. सहीचा माणूस. बायको, भाऊ, वडील, जो विश्वासाचा असेल त्याला बँकेत अधिकार द्या, गरज असेल तर कुलमुखत्यारपत्र करा. जीएसटी पोर्टलवर दुसरा अधिकृत सही करणारा नोंदवता येतो, तो नोंदवा.

४. तीन महिन्यांचा खर्च बाजूला. भाडं, पगार, हप्ते, लाईटबिल याची बेरीज गुणिले तीन. हे पैसे मालात अडकवायचे नाहीत.

५. घरच्यांशी बोला, आणि आकडा सांगून बोला. "देशसेवा करायचीय" म्हटलं की घरात कोणी नाही म्हणत नाही. "पहिल्या दोन वर्षांत आठ महिने मी नसेन" म्हटलं की खरं बोलणं सुरू होतं.

६. तालीम करा. आधी तीन दिवस, मग दहा, मग तीस दिवस दुकानात जायचं नाही. फोन फक्त रात्री आठनंतर. परत आल्यावर तीन आकडे बघा: गल्ला किती घटला, उधारी किती वाढली, नेहमीची गिऱ्हाईकं किती गेली. तीस दिवसांत गल्ला पाव हिश्शापेक्षा जास्त घटला, तर अजून तयारी नाही.

तीन दिवसही जमत नसेल तर वर्दीचा विचार सध्या बाजूला ठेवा. दहा जमले तर होमगार्ड. तीस सहज जमले तर टीए अधिकाऱ्याच्या परीक्षेला बसा. आणि दुकान कुटुंबाच्या हातात पूर्ण चालत असेल तरच टीए जवान. माझं गणित एवढं सरळ आहे.

एक तक्रार सरकारकडेही

टीएला कमावते लोक हवेत, स्वतःचा व्यवसाय असलेलेही चालतात. मग नोकरदाराला जसं कलम ७-अ आहे, तसं दुकानदारालाही काहीतरी द्या. युनिट सेवेत असेल तेवढे दिवस रिटर्नचा लेट फी माफ, मुद्राचा हप्ता पुढे ढकललेला, एवढं केलं तरी पुरे. खर्च मोठा नाही. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला पोर्टलची नोटीस जाऊ नये, एवढंच मागणं आहे.

काही जण म्हणतील, देशसेवेत हिशोब कसला करता? मी म्हणतो, हिशोब करूनच जा. मागे हप्ते थकलेत, घरी फोन वाजतायत, अशा माणसाचं लक्ष ना ड्यूटीत राहतं ना धंद्यात. आणि धंदा जमत नाही म्हणून वर्दी शोधणार असाल, तर तेही चुकीचं. आधी दुकान नीट करा. वर्दी त्याच्यावर चढवायची आहे, त्याच्या जागी नाही.

माझं म्हणाल तर २०१९ ची ती फाईल अजून आहे. भावाची वही झाली, बायको आता खरेदी स्वतः बघते, आणि गेल्या मे महिन्यात मी तीस दिवसांची तालीम केली. गल्ला साधारण दहा टक्के घटला. मी आता ३७ चा, म्हणजे अजून पाच वर्षं हातात आहेत. जाहिरात आली की फॉर्म भरणार. एवढ्या थोड्या जागांत माझं नाव येईल असं मी म्हणत नाही. पण या वेळी फॉर्म भरताना दुकानाची भीती नसेल.

तुम्ही या रविवारी फक्त पहिली पायरी करा, भावाची वही. आणि दुकानातून तीन दिवस लांब राहून बघा. काय काय अडलं ते लिहून आणा, पुढच्या बॅचला त्यावरच बोलू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. जय हिंद, जय महाराष्ट्र.